बाळाच्या डोळ्यातल्या बाहुलीत पांढरी चमक: कोल्हापूर जिल्ह्यात जनजागृतीचं काम नेमकं कसं उभं करायचं?

रंकाळा_काठ
मे महिन्यात रेटिनोब्लास्टोमाचा जागतिक जनजागृती सप्ताह असतो. त्या निमित्ताने करवीर, पन्हाळा आणि भुदरगड या तीन तालुक्यांत स्वयंसेवकांची फळी उभी करायचं ठरतंय. सप्ताह सात दिवसांत संपेल, काम मात्र वर्षभर चाललं पाहिजे. म्हणून आधी पद्धत पक्की करू.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो आणि बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली असतात. दोन्ही डोळ्यांत असेल तर वर्षभराच्या आसपास कळतो, एकाच डोळ्यात असेल तर दोन वर्षांच्या आसपास. सुरुवातीला दुखत नाही, बाळ खातं-पितं, खेळतं, त्यामुळे घरचे निर्धास्त असतात. लोकांच्या लक्षात राहायला हवीत ती चिन्हं दोनच: बाहुलीत पांढरी चमक आणि नव्याने आलेला तिरळेपणा. उपचारांच्या चांगल्या सोयी असलेल्या देशांत ९५ टक्क्यांहून जास्त मुलं वाचतात. उशीर झाला की गाठ डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे सरकते, आणि मग डोळा सोडा, जीवच धोक्यात येतो.

प्रश्न असे. तपासणी शिबिरं घ्यायची का? मोबाईलच्या फोटोवर किती विसंबायचं? आणि संशय आला तर पालकांना कुठल्या दारात पाठवायचं?

बाहुली_ते_पडदा
शिबिराचा विचार सोडून द्या दादा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांच्या वर होती. तरीही हा आजार होणारी मुलं वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतील. रविवारी एका गावात मांडव घालून दोनशे मुलं पाहिली तरी त्यात एकही रुग्ण नसण्याचीच शक्यता फार मोठी. वर त्या गावात समज पसरतो की "आमच्याकडची सगळी मुलं तपासून झाली". पुढच्या महिन्यात एखाद्या आईला बाहुलीत काही दिसलं, तर तिची सासू म्हणणार, शिबिरात दाखवलं की, काय नव्हतं. जनजागृतीनेच उशीर झाला असं व्हायला नको.

हा आजार बहुधा आधी आईला दिसतो. तिन्हीसांजेला दिव्याच्या उजेडात किंवा बारशाच्या फोटोत. आपलं काम दोन टोकांना आहे: आईने जे पाहिलं ते तिने बोलून दाखवावं, आणि तिने सांगितल्यापासून आठवड्याच्या आत बाळाची बाहुली औषधाने मोठी करून कुणीतरी पडदा पाहावा. मधला सगळा वेळ "मोठं झालं की जाईल", "डोळा घारा आहे", "आजोबांचा पण असाच होता" यात जातो.

दुसरं, फक्त कर्करोगाचं नाव घेऊन फिरू नका. पांढऱ्या बाहुलीमागे जन्मजात मोतीबिंदू असतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पडदा सुटलेला असतो, कोट्स आजार (पडद्यातल्या रक्तवाहिन्या गळण्याचा) असतो, आणखीही कारणं आहेत. त्यातलं कुठलंही थांबण्यासारखं नाही. एका डोळ्याचा जन्मजात मोतीबिंदू दाट असेल तर शस्त्रक्रिया साधारण सहा आठवड्यांच्या आसपास व्हावी लागते. त्यानंतर मेंदू त्या डोळ्याकडून बघायला नीट शिकत नाही, मग मागाहून कितीही चांगलं भिंग बसवलं तरी चांगली नजर येणं अवघड. म्हणजे निरोप एकच ठेवायचा: पांढरी बाहुली किंवा तिरळेपणा दिसला की आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कारण काय ते डॉक्टर ठरवतील.

गारगोटीची_आशा
ताईंनी बरोबर सांगितलं. नवीन काही उभं करण्याआधी ज्या भेटी आधीच ठरलेल्या आहेत त्यात हे बसवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा घरी जाते ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पुढे ३, ६, ९, १२, १५ महिन्यांच्या भेटी. लसीकरणाला आई ६, १०, १४ आठवड्यांना, नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. दोन पथकभेटींत सहा महिने जातात, आणि या आजारात सहा महिने म्हणजे फार झाले. त्यातही दोन वर्षांखालची मुलं पथकाच्या दिवशी अंगणवाडीत नसतात. म्हणून घरभेटच महत्त्वाची.

विचारायचं कसं ते सांगते. "डोळ्याचा काही त्रास आहे का?" असं विचारलं तर उत्तर "न्हाई" असंच येतं, कारण त्रास नसतोच. असं विचारा:
"अंधारात, टीव्हीच्या उजेडात बाळाचा डोळा कधी मांजरासारखा चमकला का?"
"कुठल्या फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरं आलंय का?"
"दोन्ही डोळे एकाच बाजूला बघतात का, की एक पळतो?"
"एक डोळा झाकला की बाळ रडतं, दुसरा झाकला की रडत नाही, असं होतं का?"
"घरात लहानपणी कुणाचा डोळा काढलाय का?" हा प्रश्न सासूबाई समोर असताना टाळू नका, उलट त्यांनाच विचारा. माहेरचं आईला ठाऊक असतं, सासरचं त्यांना.

मग टॉर्च. पेनटॉर्च घ्या, मोबाईलचा नको, त्याचा उजेड बोचतो आणि बाळ डोळे मिटून घेतं. साधारण एक फुटावरून, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध समोर धरा. उजेडाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत सारख्या जागी पडला पाहिजे. नाकाचं हाड बसकं असेल तर बाळ तिरळं वाटतं, पण ठिपके सारखे असतील तर तो भास असण्याची शक्यता जास्त. पहिले तीन-चार महिने अधूनमधून डोळा पळणं चालू शकतं. कायम पळत असेल तर कुठल्याही वयात पाठवा, आणि चार महिन्यांनंतर अधूनमधून पळत असेल तरीही पाठवा. तीन महिन्यांचं बाळ समोर हलवलेली वस्तू नजरेने धरून मागोमाग बघत नसेल तर तेही पाठवा.

आणि डोळ्यात काजळ, मध, अंगावरचं दूध घालू नये, हे प्रत्येक भेटीत. त्याने पांढरेपणा जात नाही, जंतुसंसर्ग मात्र होतो.

बाहुली_ते_पडदा
आशाताईंच्या टॉर्चबद्दल एक जोड देते, फार महत्त्वाची. टॉर्चने तिरळेपणा कळतो, दाट मोतीबिंदू कळतो, मोठी गाठ कळते. पडद्याच्या कडेला असलेली लहान गाठ टॉर्चने दिसत नाही. त्यामुळे "टॉर्चने बघितलं, काही नाही" हे वाक्य स्वयंसेवकाच्या तोंडून कधीही निघता कामा नये. आईने चमक पाहिली असेल आणि आपल्याला दिसली नसेल, तर आईचं खरं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मात्र लाल चमक तपासणीसाठी (निरोगी डोळ्यात उजेड टाकला की बाहुलीतून लालसर चमक परतते, ती बघण्यासाठी) गळ घालता येईल. ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळा आतून बघायचं उपकरण हवं, भिंग शून्यावर, खोली अंधारी, बाळ आईच्या मांडीवर. साधारण दीड फुटावरून दोन्ही डोळ्यांवर एकदम उजेड टाकायचा आणि दोन्हींची तुलना करायची. आपल्याकडच्या मुलांत ही चमक लालभडक नसते, मळकट नारिंगी असते. ती दोन्हीकडे सारखी असेल तर ठीक. एकीकडे फिकट, पांढरट, काळा डाग असलेली किंवा अजिबात नसेल तर पुढे पाठवायचं. बऱ्याचदा अडतं ते दोनच गोष्टींवर: उपकरणातले सेल संपलेले असतात आणि खोलीला पडदा नसतो. एक जोडी सेल आणि दोन मीटर काळं कापड देणारा स्वयंसेवक तिथे भाषण देणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचा.

शाहूवाडी_मलकापूर
फोटोचं सांगा की कुणीतरी. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की बाळाचा फ्लॅशचा फोटो काढा आणि कर्करोग ओळखा. लोक घाबरलेत.

फ्लॅश_आणि_फ्रेम
भावा, मी फोटोच्या बाजूने सांगतो, वैद्यकीय भाग ताई सांगतील.

फ्लॅशचा उजेड बाहुलीतून आत जाऊन पडद्यावरून परततो, पडद्यामागे रक्तवाहिन्या असल्यामुळे तो लाल दिसतो. तिथे गाठ असेल तर पांढरा किंवा पिवळसर परततो. लाल डोळा येतो तो फ्लॅश लेन्सला चिकटून असतो तेव्हाच. छताकडे वळवलेला फ्लॅश किंवा सॉफ्टबॉक्स वापरला तर बाहुली नुसती काळी येते. अशा काळ्या बाहुलीच्या फोटोवरून काहीच सांगता येत नाही. "पांढरं नाही म्हणजे चांगलं" असं समजू नका.

घरी काढायचा तर असा:
फ्लॅश "ऑटो"वर नको, पूर्ण चालू. लाल डोळे कमी करण्याची सोय बंद, कारण ती आधी एक उजेड टाकून बाहुली बारीक करते. एचडीआर, नाइट मोड, ब्युटी, पोर्ट्रेट, सगळं बंद.
खोलीत मंद उजेड, पाचेक मिनिटं तसंच बसू द्या म्हणजे बाहुल्या मोठ्या होतात. गच्चीत उन्हात काढलेला फोटो कामाचा नाही.
अंतर साधारण ४ मीटर, म्हणजे १३ फूट, आणि तिथून झूम. जवळ गेलात तर फ्लॅश आणि लेन्स यांच्यातला कोन वाढतो आणि चमक येतच नाही.
फोटो काढणाऱ्याच्या अगदी मागे उभं राहून कुणीतरी खुळखुळा वाजवायचा, बाळाने लेन्सकडेच बघितलं पाहिजे. सरळ बघतानाचे चार-पाच, मग डावीकडे, उजवीकडे, वर, खाली बघतानाचे एकेक.
पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बाहुलीतला बारीक फरक पुसला जातो. आणि तो फक्त डॉक्टरांना पाठवा, गटावर नाही. दुसऱ्याच्या बाळाचा चेहरा गटावर टाकायला पालकांची परवानगी लागते, हा कायद्याचाही भाग आहे आणि माणुसकीचाही.

आता स्टुडिओवाल्यांबद्दल, कारण इथे खूप काही हातचं जातंय. बारसं, जावळ, पहिला वाढदिवस यांचे फोटो राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत रोज निघतात. अल्बम लावणारा मुलगा लाल डोळा काळा करतो, पांढरा दिसला तर दुसऱ्या डोळ्याची बाहुली कापून तिथे चिकटवतो. त्याला तो डाग वाटतो. पालकांकडे जो अल्बम जातो त्यात दोन्ही डोळे टपोरे काळे. म्हणून प्रत्येक स्टुडिओत एडिटिंगच्या संगणकाच्या कडेला एक पट्टी चिकटवायला द्या: "पाच वर्षांखालच्या बाळाची बाहुली पांढरी दिसली तर सुधारू नका. मूळ फोटो पालकांना द्या." एवढंच. जिल्ह्यातल्या छायाचित्रकारांच्या बैठकीत पंधरा मिनिटं मिळाली तरी पुरे. सांगताना कार्यक्रमात, चारचौघांत सांगायचं नाही. फोनवर, वडिलांना किंवा आईला: "एका फोटोत दोन डोळ्यांत उजेड वेगळा परतलाय. कोनामुळेही होतं, पण हा फोटो या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मूळ फाइल पाठवतोय."

बाहुली_ते_पडदा
फार चांगलं लिहिलंय. वैद्यकीय बाजू अशी. निरोगी डोळ्यातही नस जिथून निघते ती जागा पांढरट असते. बाळ लेन्सपासून नाकाच्या बाजूला साधारण १५ अंश वळून बघत असेल तर फ्लॅश नेमका त्या जागेवर पडतो आणि बाहुली पांढरी येते. म्हणून घाबरायचं नाही. पण "कोनच असेल" असं ठरवून घरी बसायचंही नाही, ते ठरवायचा अधिकार बाहुली मोठी करून बघणाऱ्याचा.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ब्रायन शॉ यांच्या गटाने पांढरी चमक शोधणारं मोबाईल अ‍ॅप बनवलंय. त्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रेटिनोब्लास्टोमासह डोळ्यांचे वेगवेगळे आजार झालेल्या ज्या मुलांचे घरचे जुने फोटो तपासले त्यांतल्या ८० टक्के मुलांच्या फोटोंत ही चमक निदानाच्या सरासरी १.३ वर्षं आधी सापडली. म्हणजे घरातल्या फोटोंत माहिती पडून होती. त्यावरून एक सोपं काम निघतं: आईला नवीन फोटो काढायला लावण्याआधी मोबाईलमधले जुने चाळायला सांगा. अ‍ॅपने "काही नाही" म्हटलं म्हणून मात्र कुणाला निर्धास्त करू नका.

जयसिंगपूरकर
एक शंका. जीवनसत्त्व अ चे डोस घेतलेल्या मुलाला पांढरं येत नाही ना?

गारगोटीची_आशा
त्याचा याच्याशी संबंध नाही दादा. जीवनसत्त्व अ कमी पडलं की डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बाहुलीच्या बाजूला, फेसासारखा डाग येतो आणि रातांधळेपणा येतो. इथे पांढरं दिसतं ते बाहुलीच्या आत, खोलवर. डोस मात्र चुकवू नका: नवव्या महिन्यात १ मिली, मग दर सहा महिन्यांनी २ मिली, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ.

छापखाना_लक्ष्मीपुरी
पोस्टरबद्दल. सूज आलेले, डोळा बाहेर आलेले भीतीदायक फोटो छापू नका. लोक तोंड फिरवतात, आणि वाईट म्हणजे "आपल्या बाळाचं एवढं नाही" असं समजून थांबतात. सुरुवातीचं चिन्हच दाखवा: हसतं बाळ, एक बाहुली नारिंगी-लाल, दुसरी पांढरी, पांढरीकडे बाण. ए-थ्री आकार, १३० जीएसएम आर्ट पेपर, लॅमिनेट करून. पाऊस सुरू झाला की साधा कागद आठवडाभरात लोळतो. मजकूर तीन ओळींच्या वर नको, वरची ओळ दहा फुटांवरून वाचता आली पाहिजे.

झेरॉक्सवर हाच फोटो काढला की नारिंगीचा करडा होतो आणि फरक मरतो. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या पत्रकासाठी रेषाचित्र वेगळं करून घ्या, एक बाहुली भरीव काळी, दुसरी कोरी. छापायला देण्याआधी एकदा झेरॉक्स काढूनच बघा.

लावायचं कुठे? देवळाच्या भिंतीवर लागतंच, पण लहान बाळाची आई रोज थांबते तिथे बघा: लसीकरणाची खोली, अंगणवाडीचं दार, मेडिकल दुकानात डायपरच्या शेजारी, एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्ष.

पन्हाळ्याचा_दूधवाला
गावात दूध संस्थेला विसरू नका. सकाळ-संध्याकाळ घरटी एक माणूस तिथे येतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. संस्थेच्या सचिवाला सांगितलं तर संगणकावरच्या बिलाच्या पावतीखाली एक ओळ टाकता येते. लांब लिहिलं तर पावतीवर तुटतं, म्हणून: "बाळाची बाहुली पांढरी? आठवड्यात डोळे तपासा." इतकंच बसतं. बाईमाणसं पावती बघतात का, असं कोण म्हणेल, तर आमच्या भागात हिशोब त्यांच्याच हातात असतो.

आणखी एक. मे महिन्यात शाळा बंद, अंगणवाडीत हजेरी विरळ. सप्ताह तिथेच ठेवला तर ऐकायला कोण? त्या दिवसांत गावच्या जत्रा, लग्नं, मुंबई-पुण्याहून आलेली लेकरं असतात. जत्रेच्या कमिटीकडून भोंग्यावर रोज दोन वेळा एक मिनिट मागून घ्या. अंगणवाडीचा भाग जूनमध्ये करा. तालमी आणि मंडळांना गणपतीच्या आधी महिनाभर भेटा, ऐन वेळी गेलात तर मांडवातली जागा भरलेली असते.

शिरोळ_ऊसपट्टा
ऊसतोडीच्या पालांवरची मुलं सगळ्यांच्या नजरेतून सुटतात. कारखाने दिवाळीच्या सुमारास सुरू होतात, माणसं मार्चपर्यंत असतात, पहाटे फडात जातात. दुपारी गेलात तर पालावर मोठी भावंडं लहानग्यांना सांभाळत असतात, त्यांना काही विचारून उपयोग नाही. संध्याकाळी सात नंतर जा, मुकादमाला आधी कळवून. संशय आला तर फक्त इथला पत्ता लिहू नका. मूळ गाव, तालुका, मुकादमाचा फोन आणि गावाकडच्या आशाताईचा फोन घ्या. हंगाम संपला की कुटुंब इथून निघून जातं आणि उपचार मध्येच तुटतात.

रंकाळा_काठ
आता पाठवण्याचं. संशय आला, पुढे?

बाहुली_ते_पडदा
जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेतली तर बरं, पण चिठ्ठीसाठी दिवस घालवू नका. थेट कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात जाता येतं, किंवा पडद्याचे किंवा लहान मुलांच्या डोळ्यांचे डॉक्टर असतील अशा कुठल्याही रुग्णालयात. सकाळी लवकर निघा, केसपेपर, मग औषधाचे थेंब, मग बाहुली मोठी व्हायला वेळ, असा अर्धा दिवस जातो. चष्म्याच्या दुकानात मशीनवर नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे, इथे फार जण फसतात. पालकांनी एकच प्रश्न विचारायचा: "बाहुली मोठी करून पडदा बघितला का?"

डॉक्टर सोनोग्राफी करतात. गाठीत कॅल्शियम असतं, ते त्यात चमकतं. नस आणि मेंदूकडचा भाग बघायला एमआरआय. लहान मुलाच्या पांढऱ्या बाहुलीवर मोतीबिंदू समजून शस्त्रक्रिया करण्याआधी, पडदा दिसत नसेल तर सोनोग्राफी झालीच पाहिजे. आत गाठ असताना डोळा उघडला तर पेशी बाहेर पसरतात. याच कारणाने इथे सुईने तुकडा काढून तपासत नाहीत. कुणी तसं सुचवलं तर आधी मोठ्या केंद्राचा सल्ला घ्या.

तान्ह्या बाळाची तपासणी भूल देऊन होते. उपाशी ठेवण्याच्या वेळा रुग्णालय सांगतं, साधारण अंगावरचं दूध ४ तास आधी बंद, वरचं दूध आणि खाणं ६ तास आधी, पाणी २ तास आधी. भूक लागली म्हणून आजीने बिस्किट भरवलं की तपासणी पुढे ढकलली जाते. स्वयंसेवकाने आदल्या रात्री एक फोन करून एवढं आठवण करून दिलं तरी एक फेरी वाचते.

कागदपत्रं_बघणारा
निदान पक्कं झालं की मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय किंवा हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान, ही या आजारासाठी अनुभवी ठिकाणं. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची, दादरला उतरलं की परळ जवळ. पिशवीत हे असू द्या: संदर्भ चिठ्ठी, सगळे रिपोर्ट आणि सोनोग्राफी-एमआरआयची सीडी, बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड, प्रत्येकाच्या तीन प्रती. रेशनकार्डात बाळाचं नाव चढवलेलं नसतं आणि तिथेच गाडी अडते. संशय आल्या दिवशीच तलाठी किंवा पुरवठा कार्यालयाचं काम सुरू करा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, भरती होण्याआधी त्याला भेटा. आधी पैसे भरून मागाहून योजना लावू म्हटलं तर अडचण होते. चौकशीचा नंबर १५५३८८.

रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत, सोबतच्या एकाला ७५ टक्के. पण त्यासाठी रुग्णालयाचा भरलेला नमुना लागतो, म्हणजे पहिली फेरी पूर्ण तिकिटाची. मंडळाने मदत करायचीच असेल तर त्या पहिल्या फेरीचे पैसे द्या, तिथेच घरं मागे सरतात. राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आणि मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं, तिथे रुग्णालयातल्या समाजसेवकामार्फत नाव जातं. पहिल्याच दिवशी समाजसेवकाची खोली विचारा.

शाहूवाडी_मलकापूर
डोळा काढायला सांगितलं की घरचे बाळ घेऊन परत येतात. मग?

बाहुली_ते_पडदा
वाद घालू नका, आणि "जाऊ दे, एक डोळा तर आहे" असंही म्हणू नका. आधी हे समजावा की प्रत्येक वेळी डोळा काढावा लागत नाही. गाठ लहान असेल तर लेझर, गोठवणं, केमोथेरपी, यांनी डोळाही वाचतो, कधी नजरही. लवकर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. काढावाच लागतो तेव्हा त्या डोळ्याला बहुधा नजर उरलेलीच नसते, उरलेला असतो तो धोका. काढल्यावर आत गोळा बसवतात आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी कृत्रिम डोळा. घरच्यांना त्याच वाटेने गेलेलं दुसरं कुटुंब भेटवणं सगळ्यात उपयोगी, पण ते रुग्णालयाच्या समाजसेवकामार्फत आणि त्या कुटुंबाची परवानगी घेऊन. गावात कुणाचं नाव सांगत फिरायचं नाही.

दुसरी गळती केमोथेरपीत. साधारण दर तीन-चार आठवड्यांनी एक, अशी बहुधा सहा आवर्तनं असतात. पहिल्या दोनांतच गाठ आक्रसते, पांढरी चमक कमी दिसते, आणि घरच्यांना वाटतं झालं बरं. अर्धवट सोडलं की गाठ परत वाढते. या काळात बाळाला ताप आला, १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, तर गावात पॅरासिटामॉल देऊन बघू असं नको, त्याच दिवशी रुग्णालय. आणि आशाताईंनी या बाळाला पोलिओचे थेंब किंवा गोवराची लस देण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं.

गारगोटीची_आशा
भावंडांचं कुणी लिहिलं नाही. साधारण ४० टक्के मुलांत दोष आनुवंशिक असतो, आरबी-१ नावाच्या जनुकातला. दोन्ही डोळ्यांत आजार असेल तर तसंच धरतात. एका मुलाला निघाला की पाठची-पुढची सगळी लहान भावंडं तपासायची, चमक नसली तरी. आणि आईला किंवा वडिलांना लहानपणी दोन्ही डोळ्यांत झाला असेल तर प्रत्येक बाळाला ५० टक्के शक्यता. ती माता गरोदर असतानाच नोंद करा, म्हणजे बाळ जन्मल्या जन्मल्या डोळे बघता येतील.

काचपेटीतल्या बाळांचंही तसंच. २००० ग्रॅमखाली वजन किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म असेल तर चौथ्या आठवड्यापर्यंत पडद्याची तपासणी, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. घरी सोडल्यावर ही तारीख हरवते. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली नसेल तर आशाने ३० दिवस मोजून स्वतः लिहायची.

रंकाळा_काठ
सगळ्यांचे मनापासून आभार. स्वयंसेवकाच्या चिठ्ठीचा मसुदा टाकतो, दुरुस्त करा.

"बाळाचं नाव, वय, गाव. कोणता डोळा. काय दिसलं (बाहुली पांढरी / तिरळेपणा / नजर लागत नाही). कुणाला दिसलं, कधीपासून. फोटो सोबत आहे / नाही. विनंती: बाहुली मोठी करून दोन्ही डोळ्यांचा पडदा तपासावा. तपासणीची तारीख आणि निष्कर्ष खाली लिहावा."

चिठ्ठीवर "कर्करोग" हा शब्द मुद्दाम ठेवलेला नाही.

बाहुली_ते_पडदा
चांगली आहे. "तातडीचे, ७ दिवसांत" असं वर लाल अक्षरात घाला, नाहीतर पुढची तारीख मिळते. दोन प्रतींत करा, कार्बन घालून, एक पालकांकडे, एक तुमच्या वहीत. आठव्या दिवशी वही उघडून ज्या चिठ्ठीचा निष्कर्ष आलेला नाही त्या घरी फोन. फोन लागला नाही तर आशाताईंना कळवा. डॉक्टरांनी "काही नाही" लिहिलं असेल आणि आईला चमक अजून दिसत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा चिठ्ठी, तिथे संकोच नको.

गारगोटीची_आशा
फोन नंबर आईचा घ्या, वडिलांचा दुसरा. वडील कामावर असतात, फोन उचलत नाहीत, आणि तारीख आईलाच पाठ असते.